पारायन : गोदातीराची पायवाट आणि खानदेशचा टप्पा

मराठीत ‘पारायण’ हा शब्द आपण एका ठरावीक अर्थाने वापरतो. एखादा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेमाने वाचून काढणे म्हणजे पारायण. पालीतील ‘पारायन’ या शब्दाचा अर्थ मात्र निराळा आहे. ‘पार’ म्हणजे पैलतीर आणि ‘अयन’ म्हणजे जाणे. जे पैलतीरास नेते ते पारायन. सुत्तनिपाताच्या पाचव्या व अखेरच्या वग्गास ‘पारायनवग्ग’ म्हणतात, आणि हे नाव का पडले याचा खुलासा त्या वग्गाच्या शेवटीच केलेला आहे. एका शब्दात वाचून संपविण्यावर भर आहे, तर दुसऱ्यात चालून पोचण्यावर. हा भेद लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे, अशी वाचकांस विनंती आहे.

हा लेख लिहिण्यास एक निमित्त घडले. गेल्या हिवाळ्यात चाळीसगाव व धुळे परिसरातील अकरा उपासक-उपासिका पैठणहून पायी निघाल्या. पाठीवर अंथरूण-पांघरूण, थोडा शिधा आणि पाण्याच्या बाटल्या एवढेच सामान होते. पैठण, कन्नड, पितळखोरे, पाटणे, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा या मार्गाने नर्मदाकाठच्या महेश्वरास पोचावयाचे, असा त्यांचा बेत होता. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग उतरावयाची, तापी ओलांडावयाची आणि सातपुडा चढून पलीकडे जावयाचे. अकरांपैकी सात जण महेश्वरास पोचले. चार जण निरनिराळ्या ठिकाणी थांबले. परतल्यावर विहार समितीपुढे दोन प्रश्न उभे राहिले आणि त्यांवरून बराच वाद झाला. पहिला प्रश्न असा की, पाटण्याच्या घाटाखाली ‘बावरीच्या शिष्यांचा मार्ग’ असा फलक लावावा काय? दुसरा असा की, वर्षावासाच्या समारोपास जो सत्कार व्हावयाचा, त्यात केवळ सात जणांची नावे वाचावीत की अकराही जणांची? दोन्ही प्रश्न आमच्याकडे विचारार्थ आले. समितीस आम्ही जे उत्तर दिले तेच येथे सविस्तर मांडीत आहोत. कारण हे प्रश्न एका तालुक्यापुरते नाहीत.

बावरीची कथा

पारायनवग्गाच्या प्रारंभी ‘वत्थुगाथा’ नावाचे प्रास्ताविक आहे. त्यातील कथा थोडक्यात अशी : कोसल देशातील बावरी नावाचा विद्वान ब्राह्मण दक्षिणापथात येऊन अस्सक राज्यात, अळकाच्या जवळ, गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहिला. तो अतिशय वृद्ध होता. एकदा त्याने यज्ञ करून आपले सर्व धन वाटून टाकले. त्यानंतर एक ब्राह्मण आला आणि पाचशे नाणी मागू लागला. देण्यास काही उरलेले नाही असे समजताच त्याने शाप दिला की, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. बावरी भयभीत झाला. ‘डोके’ म्हणजे काय आणि ते ‘फुटणे’ म्हणजे काय, हे जाणणारा बुद्ध श्रावस्तीस आहे असे कळल्यावर त्याने आपल्या सोळा शिष्यांना उत्तरेकडे पाठविले. अजित, तिस्स मेत्तेय्य, पुण्णक, मेत्तगू, धोतक, उपसीव, नंद, हेमक, तोदेय्य, कप्प, जतुकण्णी, भद्रावुध, उदय, पोसाल, मोघराज आणि पिंगिय हे ते सोळा होत.

शापाचे व देवतेचे प्रसंग वाचून आपले काही वाचक कपाळास आठ्या घालतील. त्यांनी पुढची गोष्टही वाचावी. तथागतांनी या भीतीला दिलेले उत्तर हा त्या कथेचा खरा गाभा आहे. अविद्या हेच डोके होय आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद व वीर्य यांनी युक्त असलेली विद्या ते डोके फोडते, असा खुलासा त्यांनी केला. शापाची भीती अशा रीतीने अज्ञानाच्या प्रश्नात परिवर्तित झाली. मंत्रतंत्राच्या जागी विचार आला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सोळा शिष्यांची प्रश्नोत्तरे हा पालीतील अत्यंत प्राचीन भाग मानला जातो. ‘चुल्लनिद्देस’ हे त्यांवरील भाष्य तिपिटकातच समाविष्ट झालेले आहे. परंतु त्या भाष्यात वत्थुगाथेवर टीका नाही. त्यावरून ही प्रास्ताविक कथा प्रश्नोत्तरांहून उशिरा रचली गेली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे वत्थुगाथेवरून सोळा माणसे अमुक वर्षी अमुक वाटेने गेली, असे सिद्ध होत नाही. जे सिद्ध होते ते असे की, गाथा रचणाऱ्यास गोदावरीपासून मगधापर्यंतची वाट टप्प्याटप्प्याने ठाऊक होती आणि ती ऐकणाऱ्यांनाही ओळखीची वाटत होती. इतिहासाच्या दृष्टीने हे मोल कमी नाही.

सांगितलेली वाट आणि न सांगितलेला टप्पा

वत्थुगाथेत वाटेवरील गावांची क्रमवार यादीच आहे. प्रथम पतिट्ठान म्हणजे पैठण, नंतर माहिस्सती, मग उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा आणि वनसव्हय. तेथून कोसंबी, साकेत आणि सावत्थी. पुढे सेतव्या, कपिलवत्थू, कुसिनारा, पावा, भोगनगर, वेसाली आणि मगधाची नगरी. शेवटी पासाणक चेतिय, जेथे त्यांना तथागतांचे दर्शन घडले. माहिस्सती म्हणजे आजचे महेश्वर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते ओंकार-मांधाता होय. दोन्ही ठिकाणे नर्मदेवर आहेत. वेदिसा म्हणजे विदिशा. तिच्या शेजारी सांची आहे, आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. दख्खन आणि विदिशा यांचा संबंध दगडावर कोरलेला आहे, तो असा.

आता नकाशा पुढे घेऊन पाहावे. पैठण आणि महेश्वर ही जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. पैठणहून सरळ उत्तरेस गेल्यास महेश्वर लागते. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. ती रेषा अजिंठ्याची रांग ओलांडून पाचोरा, एरंडोल, चोपडा या बाजूने जळगाव जिल्ह्यातून जाते आणि सातपुडा पार करून निमाडात उतरते. वत्थुगाथेच्या यादीत पैठण आणि माहिस्सती यांच्यामध्ये एकाही गावाचे नाव नाही. म्हणजे या साऱ्या प्रवासवर्णनात जो टप्पा मुका आहे, तो नेमका खानदेशचा आहे. आपल्या भागाबद्दलचे हे मौन कशाने भरून काढावयाचे? कल्पनेने नव्हे, तर भूमीच्या व लेण्यांच्या पुराव्याने.

भूमी काय सांगते?

माणूस सरळ रेषेत चालत नाही. तो खिंड शोधतो. दक्षिणेकडून खानदेशात उतरण्यास अजिंठ्याच्या रांगेत मोजक्याच सोयीच्या जागा आहेत. पूर्वेस फर्दापूरजवळचा अजिंठ्याचा घाट आणि पश्चिमेस कन्नड-चाळीसगाव यांमधील घाट या त्यांतील प्रमुख होत. कन्नडच्या घाटास इंग्रजी अमलात औट्रम घाट असे नाव मिळाले. औट्रम हा १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा अधिकारी. वाट त्याच्याहून कितीतरी जुनी आहे, नाव मात्र त्याचे राहिले. वाटांच्या इतिहासात असे अनेकदा घडते.

या दोन्ही उताऱ्यांजवळ प्राचीन बौद्ध लेणी आहेत, हा योगायोग नव्हे. पूर्वेच्या घाटाजवळ वाघूर नदीच्या वळणावर अजिंठा आहे. तेथील दहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीचे असून त्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादी या दात्याचे नाव आहे. बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या एका वाण्याचे दान नोंदलेले आहे. भिक्षू तेथे वर्षावास करीत, आणि वाटेने जाणारा व्यापारी दान देई.

पश्चिमेच्या घाटाजवळ पितळखोरे आहे. कन्नड तालुक्याच्या हद्दीत, परंतु खानदेशच्या अगदी काठावर. पठार जेथे तुटते त्या दरीत ही लेणी कोरलेली आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाला. १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तेथील मलबा काढण्यात आला, तेव्हा जिना, हत्तींची ओळ, द्वारपाल आणि एक यक्षमूर्ती उजेडात आली. त्या यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडविल्याचा लेख आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत ते चैत्यगृहाच्या खांबांवरील लेख. त्यांत पतिठानच्या मितदेव या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, आणि पतिठानच्याच संघकाच्या मुलांचे दान आहे. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचे व त्याच्या कुटुंबीयांचे दान नोंदलेले आहे.

पैठणचा अत्तरविक्या आपल्या गावापासून एवढ्या दूर, डोंगराच्या कड्यावर खांब का कोरवितो? कारण ही वाट त्याच्या जाण्यायेण्याची होती, असे मानणे सयुक्तिक आहे. वत्थुगाथा पैठणचे नाव घेते आणि पितळखोऱ्याचे खांबही पैठणचे नाव घेतात. मुक्या टप्प्याचा पहिला दुवा आपणास येथे मिळतो.

घाटाच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे अश्मयुगीन मणी मिळाले. याच पाटण्यात इ. स. १२०७ चा शिलालेख असून त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा उल्लेख येतो. पुढे गिरणाकाठी बहाळ आणि तापीकाठी प्रकाशे येथील उत्खननांत ताम्रपाषाण युगापासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे थर सापडले आहेत. म्हणजे डोंगर उतरून आलेल्या पांथस्थास हे खोरे निर्जन नव्हते.

तापी ओलांडल्यावर सातपुडा आडवा येतो. त्यातून पलीकडे जाण्यास तीन दिशा संभवतात. पश्चिमेस शिरपूर-सेंधवा, जेथून आजचा मुंबई-आग्रा महामार्ग बिजासन घाटाने जातो. मध्ये चोपड्याहून खरगोनकडे, डोंगराच्या गाभ्यातून. पूर्वेस बऱ्हाणपूर-अशीरगडची खिंड. यांपैकी प्राचीन काळी कोणती अधिक चालती होती, याविषयी मतभेद संभवतो. महेश्वरास जाणाऱ्यास पश्चिमेची अथवा मधली दिशा जवळची पडते, एवढे भूगोल सांगतो.

ते कसे चालत?

सोळा शिष्य जटाधारी होते, भिक्षू नव्हते. तथापि त्या काळच्या पायी प्रवासाचे सर्वांत बारीक वर्णन आपणास विनयपिटकात मिळते. आमच्या तरुणांनी निघण्यापूर्वी हा भाग वाचला असता, तर त्यांचे काही हाल वाचले असते.

महावग्गातील ‘चम्मक्खंधक’ हे प्रकरण पादत्राणांविषयीचे आहे. त्याचा प्रारंभ एका सोणाने होतो आणि शेवट दुसऱ्या सोणाने. पहिला सोण कोळिविस. तो इतका चंक्रमण करी की त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टांत देऊन अतिरेकापासून परावृत्त केले आणि पुढे एका तळाच्या वहाणांची अनुमती दिली. दुसरा सोण कुटिकण्ण. तो अवंतीत महाकच्चान स्थविरांपाशी होता. त्या प्रांतात भिक्षू इतके विरळ होते की उपसंपदेसाठी दहा जणांचा संघ जमविण्यास तीन वर्षे लागली. तथागतांच्या भेटीस गेला असता त्याने गुरूच्या वतीने अवंती-दक्षिणापथासाठी सवलती मागितल्या. त्यांतील एक जाड, अनेक पदरी तळाच्या वहाणांची होती. कारण असे दिले की, तिकडची जमीन वर काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे. खानदेशातल्या शेतकऱ्यास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात चिखल, नंतर गुरांच्या खुरांचे ठसे, आणि उन्हाने ते ठसे वाळून विटेसारखे कठीण झालेले, ही आपली काळी माती होय. ही सवलत मंजूर झाली. नियम माणसासाठी आहेत आणि भूमी पाहून ते बदलता येतात, हे तत्त्व तेथे दिसते.

पाण्याविषयीचा प्रसंग चुल्लवग्गात आहे. दोन भिक्षू कोसल देशात वाट चालत होते. एकाने दुसऱ्याच्या वर्तनावर बोट ठेवले. त्याने राग मनात धरला. पुढे पहिला तहानेने व्याकूळ झाला आणि त्याने दुसऱ्याकडे पाणी गाळण्याचे ‘परिस्सावन’ मागितले. त्याने ते दिले नाही आणि पहिला तहानेने मरण पावला. त्यावर नियम झाला : वाटेवर मागितल्यास गाळणे दिलेच पाहिजे, आणि ते बरोबर घेतल्याशिवाय निघू नये; नसेल तर चीवराच्या कोपऱ्यानेही गाळता येईल. भिक्षूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई आणि कंबरपट्टा यांच्या जोडीने गाळण्यास स्थान मिळाले आहे. पाठीवरचा भार किती असावा, याचे याहून नेमके मोजमाप आम्हांस ठाऊक नाही.

रानात राहणाऱ्या भिक्षूसाठी असलेली कर्तव्येही पाहण्याजोगी आहेत. त्याने पिण्याचे व वापराचे पाणी ठेवावे, अग्नी व अरणी जवळ असाव्यात, हातात काठी असावी, नक्षत्रे ओळखता यावीत आणि दिशांचे ज्ञान असावे. मुक्काम सोडून जाणाऱ्याने लाकडी-मातीचे सामान आवरून, दारे-खिडक्या लावून, निवाऱ्याची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवून मगच निघावे. नव्याने येणाऱ्याने छत्री उतरवून, पाय धुऊन, राहण्याची व पाण्याची चौकशी करावी. आज डोंगर चढावयास जाणाऱ्या तरुणांस जे शिकविले जाते, त्यातील पुष्कळसे येथे आहे. प्लास्टिकच्या पिशव्या मागे टाकून येणाऱ्यांनी ‘गमिकवत्त’ एकदा वाचावे.

उंच पर्वतांची वाट तर याहून बिकट. महानिद्देसात दुर्गम वाटांची एक यादीच आहे : गुडघ्यांवर रांगत जाण्याचा जण्णुपथ, शेळीच्या वाटेचा अजपथ, खुंट्या ठोकीत चढण्याचा संकुपथ, बांबूच्या आधाराचा वंसपथ, उंदराच्या बिळासारखा मूसिकपथ, कपारींतून जाणारा दरिपथ इत्यादी. संकुपथावर माणूस दोरास बांधलेला लोखंडी आकडा वर फेकून चढे आणि खडकात भोके पाडून खुंट्या ठोकी, असे अट्ठकथेत स्पष्टीकरण आहे. भरुकच्छ, सुवण्णभूमी अशा दूरच्या ठिकाणांबरोबर या वाटा सांगितल्या आहेत. पण कोणत्या संदर्भात? धनाच्या तृष्णेने माणूस किती कष्ट सोसतो, हे दाखविण्यासाठी. कष्ट सोसणे म्हणजेच पुण्य, असे पाली वाङ्मय कोठेही म्हणत नाही. सोण कोळिविसाचे रक्ताळलेले पायही तथागतांना भूषणावह वाटले नाहीत.

घाटातील एक दिवस

या प्रवासात आम्ही एकच दिवस सहभागी झालो. पितळखोऱ्याची लेणी पाहून वनखात्याच्या परवानगीने आम्ही गौताळ्याच्या रानातून पाटणादेवीकडे उतरलो. उतरणीस मुरूम निसटत होता. दुपारपर्यंत आमचे पाणी संपले, आणि तो दोष आमचाच होता. पाली वाङ्मयातील पाण्याचे नियम तोंडपाठ असून बाटली मात्र आम्ही एकच घेतली होती. एका उपासिकेने आपल्या वाट्यातील पाणी काढून दिले. चुल्लवग्गातील तो प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो, परंतु त्याचा अर्थ त्या दिवशी घशाला कळला.

आमच्याबरोबर पासष्टी उलटलेले एक निवृत्त शिक्षक होते. गुडघ्यास पट्टा बांधून ते सर्वांच्या मागून उतरत. तरुण मंडळी दर वळणावर त्यांच्यासाठी थांबत. पुढे धुळ्यास पोचल्यावर सर्वजण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाऊन आले. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता बाबासाहेबांचा मुक्काम तेथे होता, आणि दरवर्षी ३१ जुलैला तेथे आपला समाज जमतो. ती चढण गुरुजी चढले. परंतु शिरपूरला गुडघा इतका सुजला की सातपुड्याच्या तोंडाशी त्यांना थांबावे लागले. अन्य तिघांपैकी एकीची परीक्षा होती, एकाची रजा संपली आणि एकाच्या घरी आजारपण निघाले. सात जण पुढे गेले. आणि सत्काराच्या यादीचा प्रश्न येथूनच निर्माण झाला.

पोचणे म्हणजे काय?

सोळा शिष्यांत सर्वांत वृद्ध पिंगिय. अट्ठकथा त्याला बावरीचा भाचा म्हणते. तथागतांपुढे त्याने जो प्रश्न विचारला, त्यात आपले वार्धक्य, क्षीण दृष्टी आणि मंदावलेले कान यांची कबुली आहे. मोहात असतानाच आपला अंत होऊ नये, ही त्याची तळमळ आहे. अट्ठकथेनुसार इतरांना त्या बैठकीत अर्हत्पद लाभले; पिंगियाचे मन मात्र गोदातीरी मागे राहिलेल्या वृद्ध मामाकडे ओढले गेले, म्हणून तो एक पायरी मागे राहिला.

पण पारायनवग्गाच्या अखेरीस उभा दिसतो तो हाच पिंगिय. तो बावरीकडे परत येतो आणि जे ऐकले ते सांगतो. मग अशा शास्त्याला सोडून तू आलासच कसा, असे बावरी विचारतो. पिंगियाच्या उत्तराचा भावार्थ असा की, देह जीर्ण झाला असल्याने तो तेथवर जाऊ शकत नाही; मन मात्र क्षणभरही तेथून दूर नसते. या संवादानंतर तथागतांचे शब्द येतात आणि पिंगियालाही पैलतीर लाभेल असे आश्वासन मिळते. सर्वांत मागे राहिलेल्याच्या मुखाने ग्रंथ संपतो, आणि तो परत आला म्हणूनच धम्म गोदातीरी पोचला, असे ही रचना सुचविते.

पुढच्या काळातही हेच दिसते. फा-हियान इ. स. ३९९ मध्ये चीनमधून निघाला. हिमाच्छादित पर्वत ओलांडताना त्याचा सोबती हुई-चिंग मरण पावला. दुसरा, ताओ-चिंग, पाटलिपुत्रासच राहिला. विनयाचे ग्रंथ घेऊन फा-हियान एकटा समुद्रमार्गे मायदेशी परतला. यांपैकी कोणाची यात्रा अपुरी म्हणावी? ह्यू-एन-त्संगाने सातव्या शतकात याहून मोठा फेरा केला आणि तो महाराष्ट्रातही आला; त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचा असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच्याही सोबत्यांतील कित्येकांना बर्फाने गिळले होते. फा-हियानाने आपल्या मृत सोबत्याचे नाव लिहून ठेवले, म्हणून सोळाशे वर्षांनी ते आपण येथे वाचीत आहोत.

मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. आपल्या सर्वच शिष्यांना निर्वाण लाभते काय, असे त्या ब्राह्मणाने विचारले. तथागतांनी त्यालाच राजगृहाच्या वाटेचे उदाहरण दिले. वाट तीच, सांगणारा तोच. तरी एक चुकतो आणि एक पोचतो. वाट दाखविणे एवढेच सांगणाऱ्याचे काम. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागत मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, असे जे आग्रहाने मांडले, त्याची मुळे अशा सुत्तांत आहेत. म्हणून चालणाऱ्याच्या प्रयत्नास मोल आहे. तो ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. सात जणांनी सातपुडा ओलांडला, ही गोष्ट लहान नाही आणि ती झाकूनही ठेवू नये.

समितीस दिलेले उत्तर

फलकाविषयी आम्ही असे कळविले : ‘बावरीच्या शिष्यांचा मार्ग’ असे निश्चयाने लिहू नये. ‘पैठणहून नर्मदेकडे जाणारी प्राचीन वाट या घाटाने जात असावी, पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या दात्यांचे लेख आहेत’ एवढेच लिहावे, तेही लेण्यांच्या संरक्षित हद्दीत नव्हे, तर गावाच्या जागेत व रीतसर परवानगीने. यावर एका कार्यकर्त्याने विचारले की, इतरांनी आपल्या स्थळांवर वाटेल त्या कथा चिकटविल्या; मग आपणच एवढे काटेकोर का व्हावे? प्रश्न रास्त आहे आणि त्यामागील वेदनाही खरी आहे. आमचे उत्तर असे की, ज्यांच्या हाती पुरावा नसतो त्यांना कथा लागते. आपल्या हाती कोरीव खांब आहेत. एक अवाजवी दावा केला तर लोक त्या खांबांवरही संशय घेतील. शिवाय मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण घेतो, ते फलकांनाही लागू आहे.

सत्काराविषयी आम्ही वत्थुगाथेकडे बोट दाखविले. तेथे सोळाही नावे निघण्याच्या वेळीच घेतलेली आहेत. म्हणून अकराही नावे ज्या क्रमाने पैठणहून निघाली त्याच क्रमाने वाचावीत, आणि प्रत्येकापुढे कोठपर्यंत चालले तेही वाचावे : महेश्वर, शिरपूर, धुळे, चाळीसगाव. त्याने कोणाचा मान उणा होत नाही आणि कोणाच्या चालण्याची खोटी भरही पडत नाही.

समितीने हे मान्य केले. निवृत्त गुरुजींना मात्र आपल्या नावापुढे ‘शिरपूर’ वाचले जाणार, याचा थोडा संकोच वाटत होता. पुढच्या हिवाळ्यात चोपड्याच्या मधल्या वाटेने जाण्याचा तरुणांचा विचार आहे. गुरुजी त्या वेळी चालणार नाहीत. सध्या ते दर रविवारी विहारात या मुलांकडून सोळा नावे आणि पैठण ते पासाणक चेतियापर्यंतची गावे क्रमाने पाठ करून घेतात. पैठणनंतर मुले थेट माहिस्सती म्हणतात. तेथे ते त्यांना थांबवितात आणि मधल्या मुलुखात कोणती गावे, नद्या व घाट लागतात ते विचारतात.